नभोवाणी आणि गाव : पूर्व आफ्रिकेचा अनुभव

शेतीविस्ताराची साधने अनेक आहेत. छापील पत्रक वाचण्यास साक्षर माणूस लागतो. प्रात्यक्षिकाचा लाभ घेण्यास त्या शेतापर्यंत चालत जावे लागते. कार्यकर्त्याची भेट होण्यास तो गावात यावा लागतो. नभोवाणीस मात्र यांपैकी कशाचीच गरज नाही. ऐकू येणारा कान आणि समजणारी भाषा एवढे तिला पुरते. म्हणूनच ज्या देशांत वस्ती विरळ, रस्ते थोडे व साक्षरता कमी, त्या देशांनी या साधनावर मोठी भिस्त ठेवली. टांझानिया, केनिया, युगांडा व रुआंडा हे पूर्व आफ्रिकेतील देश त्यांपैकीच होत.

परंतु ऐकणे आणि करणे यांत अंतर आहे. हे अंतर कशाने तुटते व कशाने वाढते, याचा जेवढा विविध अनुभव या देशांनी घेतला आहे तेवढा फार थोड्या प्रदेशांनी घेतला असेल. तेथे नभोवाणीने गावोगाव शौचकूप खोदविले. त्याच नभोवाणीने एका देशात शेजाऱ्यास शेजाऱ्याच्या जिवावर उठविले. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

प्रदेश आणि भाषा

एकट्या टांझानियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट आहे. आपल्याकडे घराला घर लागून गाव बनते. पूर्व आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत तशी रीत नव्हती. प्रत्येक कुटुंबाची झोपडी त्याच्या स्वतःच्या शेतात. दोन घरांमध्ये मक्याचे, केळीचे वा ज्वारीचे रान. अशा वस्तीत दवंडी पिटून चालत नाही आणि एका सभेस सर्वांना जमविणेही अवघड जाते.

या भागातील ध्वनिक्षेपणाचा आरंभ १९२८ साली नैरोबी येथे झाला. तो कार्यक्रम प्रामुख्याने तेथे स्थायिक झालेल्या युरोपीय मळेवाल्यांसाठी, इंग्रजीतून असे. आफ्रिकी भाषांतील कार्यक्रमांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चालना मिळाली. कारण सैन्यात गेलेल्या माणसांच्या घरी युद्धाची वार्ता पोचविणे सरकारला आवश्यक वाटले. १९५१ साली दार-एस-सलाम येथे व १९५४ साली युगांडात ध्वनिक्षेपण सुरू झाले. बॅटरीवर चालणारे छोटे ट्रान्झिस्टर संच स्वस्त झाल्यावर, म्हणजे १९६० नंतरच्या वर्षांत, नभोवाणी खऱ्या अर्थाने खेड्यात गेली. वीज नसलेल्या घरातही ती बोलू लागली.

भाषेचा प्रश्न मात्र प्रत्येक देशात निराळा होता. टांझानियात शंभराहून अधिक भाषा आहेत, पण स्वाहिली ही सर्वांना जोडणारी भाषा तेथे आधीच रुळलेली होती. त्यामुळे एकच कार्यक्रम देशभर चालू शके. युगांडात तशी एक भाषा नव्हती. तेथे लुगांडा, आतेसो, लुओ इत्यादी भाषांना दिवसाचा वेळ वाटून द्यावा लागे, आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच वेळ येई. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे हे सांगणे सोपे आहे. त्यासाठी किती तास, किती निवेदक व किती खर्च लागतो हे युगांडाने अनुभवले.

पुण्याकडील प्रयोग

पूर्व आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या मोहिमेचे वर्णन करण्यापूर्वी आपल्याच भागातील एका प्रयोगाची आठवण करणे योग्य होईल. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे केंद्रावरून, तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील दहावीस माणसे संचाभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत. चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे लिहून पाठविल्या जात आणि पुढील कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून अशी मंडळे चालत होती.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता संच असलेली गावे आणि संचही नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. नुसता संच असलेल्या गावांत ती बरीच कमी होती. म्हणजे, लोकांना शहाणे करण्यास केवळ संच पुरत नाही. संचाभोवती बसणारी व ऐकलेल्या गोष्टीवर बोलणारी माणसे त्याला लागतात. हाच नियम पुढे टांझानियात फार मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहण्यात आला.

‘म्तू नी आफ्या’ : वीस लक्ष श्रोत्यांची शाळा

टांगानिका १९६१ साली स्वतंत्र झाला व १९६४ साली झांझिबारशी संयुक्त होऊन टांझानिया हे राष्ट्र बनले. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे स्वतः शिक्षक होते. मुले मोठी होऊन देश सुधारतील याची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणार नाही, प्रौढांनाच शिकविले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९७० हे वर्ष त्यांनी प्रौढशिक्षणाचे वर्ष म्हणून जाहीर केले. दार-एस-सलाम येथील प्रौढशिक्षण संस्थेने नभोवाणी-अभ्यासगटांचे काम अंगावर घेतले. १९७० च्या निवडणुकीच्या निमित्ताने एक छोटी मोहीम झाली. १९७१ साली स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षानिमित्त ‘वाकाती वा फुराहा’, म्हणजे आनंदाचा काळ, ही आणखी एक मोहीम झाली. या दोहोंतून पद्धत घडली, चुका कळल्या, आणि मग १९७३ साली ‘म्तू नी आफ्या’ ही प्रचंड मोहीम हाती घेण्यात आली. या शब्दांचा अर्थ ‘माणूस म्हणजे आरोग्य’.

हिवताप, अंकुशकृमी, बिल्हार्झिया, अतिसार व क्षय यांसारखे रोग गावोगाव होते. यांतील बहुतेकांचे मूळ साचलेल्या पाण्यात, उघड्यावरील मलविसर्जनात किंवा न उकळलेल्या पाण्यात असते. औषधाने एक रोगी बरा होतो. सवय बदलली तर सारे गाव वाचते. म्हणून मोहिमेचा भर उपचारावर न ठेवता प्रतिबंधावर ठेवण्यात आला. जी कामे कुटुंबाला फावड्याकुदळीने, पैशावाचून करता येतील तीच सांगायची, असे धोरण होते : शौचकूप खोदणे, घराभोवतालचे गवत व डबकी काढणे, पाणी उकळणे, पाणवठा स्वच्छ राखणे.

मोहिमेची रचना नीट समजून घेण्याजोगी आहे. कार्यक्रम बारा आठवड्यांचा होता. दर आठवड्याला एक प्रसारण. गटाने ठरलेल्या वेळी एकत्र यावे, कार्यक्रम ऐकावा, मग सोप्या स्वाहिलीतील छापील पुस्तिकेतला त्या आठवड्याचा पाठ एकाने मोठ्याने वाचावा व चित्रे सर्वांनी पाहावीत. नंतर चर्चा, आणि शेवटी, ‘पुढच्या आठवड्यापर्यंत आपण काय करणार?’ या प्रश्नाचे गटाने उत्तर ठरवावे. नवसाक्षरांना पुस्तिकेमुळे वाचनाचा सराव होई आणि निरक्षरांना तोच मजकूर कानांनी मिळे.

याहून महत्त्वाची गोष्ट गटप्रमुखांची. सुमारे पंचाहत्तर हजार गटप्रमुख तयार करण्याची योजना होती. इतक्या लोकांना राजधानीत बोलावून शिकविणे अशक्य. म्हणून प्रशिक्षणाच्या पायऱ्या केल्या. प्रथम थोड्या माणसांची तुकडी शिकली, तिने जिल्ह्यांतील माणसांना शिकविले आणि त्यांनी गटप्रमुखांना. गटप्रमुख हा डॉक्टर नसे व व्याख्याताही नसे. तो शाळामास्तर असे, विस्तार कर्मचारी असे, कधी शेजारचा शेतकरी असे. त्याला शिकविले जाई ते मुख्यतः एवढेच, की आपण कमी बोलावे व इतरांना बोलते करावे.

सुमारे दहा लक्ष लोक सहभागी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती संख्या वीस लक्षांच्या आसपास गेली. देशभर काही लक्ष शौचकूप खोदले गेले. ज्यांनी शास्त्रशुद्ध आरोग्यशिक्षण कधी घेतले नव्हते अशा माणसांनी बारा आठवड्यांत एवढे काम उभे केले, ही गोष्ट विस्तारकार्याच्या इतिहासात लक्षणीय आहे. यापुढे १९७५ साली आहारावर ‘चाकुला नी उहाई’ (अन्न म्हणजे जीवन) आणि १९८० साली वनांवर ‘मिसितू नी माली’ (वने ही संपत्ती) अशा मोहिमा झाल्या.

यशाच्या मर्यादा

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खोदलेला शौचकूप आणि वापरातला शौचकूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बारा आठवड्यांचा उत्साह संपल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहणारा माणूस नसेल तर खड्डा भरतो, छप्पर पडते आणि सवय मागे सरते. दुसरी अडचण देशाच्या धोरणातूनच उद्भवली. विखुरलेल्या कुटुंबांना एकत्रित गावांत वसविण्याचे काम १९७३ ते १९७६ या वर्षांत धडाक्याने, आणि पुष्कळ ठिकाणी सक्तीने, करण्यात आले. घर हलविले तर बोजा डोक्यावर नेता येतो. शौचकूप मात्र जुन्या जागीच राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. कोणता विषय घ्यावा, कोणता पाठ केव्हा द्यावा, हे सारे दार-एस-सलाम येथे ठरे. गटांना चर्चा करण्याचे स्वातंत्र्य होते. विषय निवडण्याचे नव्हते. आवाज वरून खाली येई, खालून वर जाण्याची वाट अरुंद होती.

गोष्टीतून शिक्षण

१९९३ साली रेडिओ टांझानियाने ‘त्वेंदे ना वाकाती’ (काळाबरोबर चालू या) ही श्रुतिकामालिका सुरू केली. विषय कुटुंबनियोजन व एड्सचा प्रतिबंध. त्यात म्क्वाजू नावाचा एक ट्रकचालक आहे. तो बाहेरख्याली आहे, अखेर त्याला एड्स होतो. त्याची पत्नी टुनू प्रथम सारे सोसते, पुढे मात्र स्वतःच्या पायावर उभी राहते. उपदेश न करता, माणसाच्या वागण्याचे फळ त्याच्याच आयुष्यात दाखवावे, ही या मालिकेची रीत.

या मालिकेची पाहणी करणाऱ्यांत एव्हरेट रॉजर्स हे होते. नव्या पद्धतींचा प्रसार शेतकऱ्यांत कसा होतो यावरील त्यांचा १९६२ सालचा ग्रंथ विस्तारशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. दोडोमा केंद्राच्या क्षेत्रात ही मालिका १९९५ पर्यंत मुद्दाम लावली नाही, आणि त्या भागाशी इतर भागांची तुलना केली. शेतीत आपण एक वाफा खताविना ठेवतो, तोच हा न्याय. मालिका ऐकली गेलेल्या भागांत कुटुंबनियोजनाचा स्वीकार वाढल्याचे दिसून आले. त्यातही पतिपत्नींनी आपसात, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी त्या गोष्टीवर बोलणे, हा परिणामाचा मोठा वाटा होता. येथेही पुण्याच्या प्रयोगाचाच निष्कर्ष पुन्हा आला. आवाज बी टाकतो. ते रुजते संभाषणात.

विषाचा प्रसार

हेच साधन उलट्या दिशेनेही तेवढ्याच जोराने चालते, हे रुआंडात दिसले. आरटीएलएम या नावाचे एक खाजगी केंद्र तेथे १९९३ साली सुरू झाले. लोकप्रिय गाणी, थट्टामस्करी व रस्त्यावरची बोली यांमुळे ते थोड्याच दिवसांत तरुणांचे आवडते झाले. मग त्याच आवाजातून तुत्सी लोकांविरुद्ध द्वेष ओतला जाऊ लागला. १९९४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत झालेल्या वंशसंहारात सुमारे आठ लक्ष माणसे मारली गेली, आणि त्या दिवसांत हे केंद्र मारेकऱ्यांना चिथावणी देत होते. कोणाला कोठे गाठावे हेही सांगत होते. अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरविले.

लोकांनी त्या केंद्रावर विश्वास ठेवला, कारण आधी त्याने त्यांची करमणूक केली होती आणि ते त्यांच्या भाषेत बोलत होते. भाषेची जवळीक हे नभोवाणीचे सामर्थ्य. तेच तिचे संकटही. केनियात २००७-०८ च्या निवडणुकोत्तर दंगलींत प्रादेशिक भाषांतील काही केंद्रांवर असेच आरोप झाले.

रुआंडातच २००४ साली ‘मुसेकेवेया’ (नवी पहाट) ही श्रुतिका सुरू झाली. शेजारच्या दोन टेकड्यांवरील दोन गावे, जमिनीची टंचाई, त्यातून वैर, आणि वैरातून परत येण्याची धडपड, असे तिचे कथानक. तिच्या पहिल्या वर्षाची पाहणी गटांत बसून ऐकणाऱ्या लोकांत केली गेली. श्रोत्यांची मनातली मते फारशी बदलली नव्हती. पण समाजात काय बोलणे व वागणे योग्य समजले जाते याविषयीची त्यांची समजूत बदलली होती, आणि मतभेद उघडपणे बोलून दाखविण्याचे धैर्य वाढले होते. निर्मूल झालेला विश्वास नभोवाणीने एका दमात परत येत नाही. वाट मात्र मोकळी होते.

लहान केंद्रे, मोठा कान

१९८२ साली केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी होमा बे येथे, युनेस्कोच्या मदतीने एक अगदी छोटे केंद्र उघडण्यात आले. त्याची शक्ती थोडी, यंत्रसामग्री स्वस्त, आणि भाषा तेथील लोकांची लुओ. आफ्रिकेतील सामुदायिक नभोवाणीचा तो आरंभ मानला जातो. पण १९८४ साली सरकारने ते बंद केले. गावाचे स्वतःचे व्यासपीठ त्या काळच्या राज्यकर्त्यांना मानवले नाही.

१९९० नंतर धोरण बदलले. युगांडात १९९३ पासून खाजगी केंद्रे निघाली, केनियात त्यानंतर काही वर्षांनी. एफएम लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की थांबतात. त्यामुळे एफएम केंद्राची कक्षा लहान असते. हा दोष वाटतो, पण स्थानिक भाषेच्या केंद्रास तो सोयीचाच ठरतो. केनियाच्या माकुएनी भागात स्त्रियांच्या गटांनी मिळून २००४ साली मांगेलेते हे केंद्र चालू केले. तो अवर्षणाचा प्रदेश आहे. पाऊस केव्हा येईल, कोणते बी पेरावे, बाजारात भाव काय आहे, हे तेथे कामाचे प्रश्न आहेत. टांझानियाच्या सिमांजिरो भागात मासाई पशुपालकांचे केंद्र २००२ साली सुरू झाले.

पुढे मोबाइल फोनमुळे ऐकणाऱ्याला बोलता येऊ लागले. २००७ ते २०१० या काळात टांझानिया, युगांडा, मलावी, माली व घाना या पाच देशांत शेतीविषयक नभोवाणीचा एक मोठा संशोधनप्रकल्प झाला. कार्यक्रमाचा विषय ठरविण्यापासून ज्या गावांतील शेतकऱ्यांना सामील करून घेतले होते, त्या गावांत नव्या पद्धतीचा अवलंब सर्वाधिक झाला. ज्या गावांनी नुसते ऐकले तेथे त्याहून कमी. आणि जेथे आवाज पोचतच नव्हता तेथे अगदी थोडा. दार-एस-सलामच्या मोहिमेत जी वाट अरुंद होती ती येथे रुंद केली, आणि पिकाने त्याला साक्ष दिली.

आपल्यासाठी बोध

या सर्व अनुभवातून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

१. ऐकण्याची बैठक भरवावी. नभोवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम असो वा मोबाइलवर आलेली ध्वनिफीत असो, ती एकेकट्याने ऐकण्यापेक्षा दहापंधरा जणांनी एकत्र ऐकावी आणि तिच्यावर बोलावे.

२. बैठकीचा शेवट निर्णयाने करावा. ‘माहिती चांगली होती’ एवढ्यावर उठू नये. कोण, काय, केव्हा करणार हे वहीत लिहावे व पुढच्या बैठकीत प्रथम तेच वाचावे.

३. सांगितलेले काम घरच्या साधनांत बसणारे असावे. ज्या सल्ल्यासाठी आधी कर्ज काढावे लागते तो सल्ला बारा आठवड्यांत अमलात येत नाही.

४. वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. पूर्व आफ्रिकेत शेतातील पुष्कळसे काम स्त्रिया करतात, पण घरातील संच बहुधा पुरुषाच्या हातात असतो. बैठक स्वयंपाकाच्या वेळी ठेवली तर ज्यांनी पेरायचे त्यांच्यावाचूनच पेरणीचा सल्ला दिला जातो.

५. शंका परत पाठवाव्यात. उत्तर न मिळणारा श्रोता तिसऱ्या आठवड्याला येत नाही.

६. मोहीम संपल्यावर पुन्हा जाऊन पाहावे. सहा महिन्यांनी केलेली एक फेरी मोहिमेतील दहा भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

७. गावात फिरणारी प्रत्येक वार्ता तपासावी. एखाद्या जातीला, जमातीला वा शेजारच्या गावाला दोष देणारा संदेश कितीही ओळखीच्या आवाजात आला तरी तो पुढे पाठवू नये. रुआंडातील श्रोत्यांनाही तो आवाज ओळखीचाच वाटत होता.

नभोवाणीचा मनोरा उंच असतो. पण तिचे खरे काम जमिनीवर, संचाभोवती बसलेल्या लहान वर्तुळात चालते. टांझानियाच्या पंचाहत्तर हजार गटप्रमुखांना कोणी ओळखत नाही. तरीही लक्षावधी घरांच्या परसात जे खड्डे खणले गेले त्यांचे श्रेय दार-एस-सलामच्या ध्वनिक्षेपकाइतकेच त्या अनामिक माणसांना आहे. तीच जागा आपल्या गावात कार्यकर्त्याची आहे. कार्यक्रम संपून संच बंद झाला की त्याचे काम सुरू होते.